त्या पानावर कोण राहतं

पूल मागे पडला तरी सर थांबायचं नाव घेईनात. थोरलीच्या चपलेचा अंगठा सैल झाला होता. तिला धड भरभर चालता येत नव्हतं, आणि हळू चला म्हणायची सोयही नव्हती. ज्या माणसापुढे बाकावर बसून शिकलो, त्याला हळू चला म्हणायला जीभ कशी रेटावी? ती आपली पाय ओढत मागे मागे.

"दमलीस का गं, थोरले?" सरांनी मान न वळवता विचारलं.

"नाही सर."

"खोटं बोलायची सवय ऑफिसात लागली की सासरी?"

"तुमच्या वर्गात."

सर हसले. सरांच्या पत्नी, काकू, गेल्यापासून थोरलीनं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पण ते हसू फार टिकलं नाही. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेला माणूस निघून जावा, तसं ते निघून गेलं.

कुठे जायचंय ते सरांनी सांगितलं नव्हतं. सकाळी फोनवर म्हणाले, "वेळ असेल तर माझ्याबरोबर चल. लांब आहे, आणि मी चालतच जातो हे तुला ठाऊक आहे." ते ठाऊक होतं. सरांचा मुलगा गाडीच्या अपघातात गेला, तेव्हापासून सर कुठल्याही वाहनात बसले नव्हते. कॉलेजात चालत, बाजारात चालत, काकूंना दवाखान्यात रिक्षात बसवून देऊन मागून स्वतः चालत. काकू म्हणायच्या, "ह्यांचं लग्न बुटांच्या दुकानाशी झालं असतं ना, तर बरं झालं असतं."

थोरली हे तिचं नाव नव्हे. कॉलेजात जनसंपर्काचा अभ्यासक्रम घेतला तेव्हा तिला दोन मुलं होती आणि वर्गातली बाकीची पोरंपोरी तिच्या भाच्यांच्या वयाची. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "ही आपली थोरली. भांडण झालं तर हिच्याकडे जायचं, माझ्याकडे नाही." नाव चिकटलं ते चिकटलंच. मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी जेमतेम, त्यामुळे ती सुरुवातीला वर्गात तोंड उघडत नसे. सरांनी तिचं तोंड उघडलं ते एका साध्या प्रश्नानं. "समज तुझ्या मुलाला रात्री ताप आलाय. तू फोनवर काय शोधशील? तुझ्या भाषेत सांग." तिनं सांगितलं. सर वर्गाला म्हणाले, "हे बघा. लोक शब्द टाकत नाहीत, अडचण टाकतात. त्यांच्या अडचणीला उत्तर देणारं पान लिहा, ते आपोआप वर येईल. चकवून वर आणलंत तर येईल, पण टिकणार नाही, आणि टिकलं तर तुम्हाला झोप लागणार नाही."

सर स्वतः तरुणपणी कंपन्यांच्या प्रेसनोट लिहायचे. पुढे इंटरनेट आलं तसा त्यांचा विषयही बदलला. लोक शोधतात तेव्हा आपलं पान वर कसं यावं, हे शिकवायचा अर्धा तास. आणि कुठलं पान वर आणू नये, कुठलं खाली ढकलू नये, हे शिकवायचा अर्धा तास. पहिल्या अर्ध्या तासाला वर्ग गच्च भरायचा. दुसऱ्या अर्ध्या तासाला पोरं हळूच सटकायची. सर दाराकडे बघून म्हणायचे, "जा, जा. नोकरी पहिल्या अर्ध्यात मिळते. दुसऱ्या अर्ध्यात ती सोडावी लागते."

खाली ढकलणं म्हणजे काय, तेही त्यांनी उलगडून सांगितलं होतं. एखाद्या कंपनीबद्दल वाईट पण खरी बातमी असते. ती कंपनीला पुसता येत नाही. मग कंपनीच्याच नावानं चांगली चांगली पानं लिहून काढतात, इतकी, की ती बातमी सरकत सरकत शोधाच्या दुसऱ्या पानावर जाते. "आणि दुसऱ्या पानावर कोण जातं? पोलीस, नाहीतर होणारी सासू." वर्ग हसायचा. मग सर फळ्याकडे वळून, पाठमोरेच म्हणायचे, "पान म्हणजे घर असतं. हलवण्याआधी त्यात कोणाकोणाची बिऱ्हाडं आहेत ते बघून घ्या. तुम्हाला एकच दिसतं, ज्यानं तुम्हाला पैसे दिलेत त्याचं."

हे वाक्य थोरलीनं मनात जपून ठेवलं होतं. जनसंपर्काच्या कंपनीत नोकरीला लागली तेव्हा ती सकाळी देवाला हात जोडताना इतकंच मागायची, की आज कुणाचं बिऱ्हाड माझ्या हातून हलू नये.

मुलगा गेला तो तिच्या अभ्यासक्रमाच्या मधल्याच वर्षी. संध्याकाळची वेळ, वळण, गाडी तोच चालवत होता, वेग फार आणि कानाला फोन. रस्त्याच्या कडेनं एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. वायंडिंगवाले. जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारे, गल्लीतल्या पंख्यांचे, मिक्सरचे, पाण्याच्या पंपांचे डॉक्टर. सायकलच्या मागे दुरुस्त केलेला पंखा बांधलेला. ते जागीच गेले. सरांचा मुलगा दवाखान्यात पोचल्यावर गेला. चूक कोणाची, यात शंकेला जागाच नव्हती. स्थानिक वर्तमानपत्रानं लिहिलं, आणि सरांच्या मुलाचं नाव कोणीही शोधलं की तीच बातमी सगळ्यात वर.

सर महिनाभरानं वर्गात परतले. दरवर्षी ते पोरांना एक खेळ द्यायचे: स्वतःचं नाव शोधा आणि पहिलं जे येईल ते मोठ्यानं वाचा. त्या दिवशीही दिला. पोरं वाचत होती, हसत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक वात्रट म्हणाला, "सर, तुमचं?" त्याला काही माहीत नव्हतं, वर्गात नवा होता. सरांनी पडद्यावर आपलं नाव टाकलं. सरांचं आडनाव आणि मुलाचं आडनाव एकच, त्यामुळे वर आली ती मुलाचीच बातमी. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत. मध्ये कुठे आवाज घसरला नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "ही खाली ढकलता येते. कशी, ते मी तुम्हाला याच महिन्यात शिकवणार आहे. का ढकलायची नाही, ते आत्ता वाचलं." त्यानंतर दरवर्षी नव्या वर्गाला ते ती बातमी वाचून दाखवू लागले. लोक म्हणाले, माणूस दगडाचा आहे. थोरलीला तसं वाटलं नाही. तिनं त्यांची बोटं पाहिली होती, टेबलाची कड धरलेली.

काकूंना मात्र हे सोसेना. त्या एकदा थोरलीच्या घरी आल्या, पाणीही न घेता म्हणाल्या, "तुला येतं ना गं ते? खाली ढकल. ह्यांना सांगू नकोस."

"काकू, खरी बातमी आहे ती."

"खरी आहे म्हणून पहिली कशाला हवी?" काकूंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझी नात आता वाचायला लागलीय. उद्या फोन हातात येईल, बापाचं नाव टाकेल. तिला तिचा बाप पहिल्यांदा असा भेटायचा? पोहण्यात बक्षीस मिळवलेला मुलगा होता तो. मला स्वेटरच्या गुंड्या लावून द्यायचा. हेही खरंच आहे ना?"

हेही खरंच होतं. थोरलीनं सरांच्या पाठीमागे काही करायचं नाही असं ठरवून सरांनाच विचारलं. सगळी पानं खरी असतील, एक शब्द खोटा लिहिणार नाही, बक्षीस, शाळा, फोटो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर्गात एक आणि घरात एक, असं मला जमायचं नाही." काकूंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायच्या, औषधं हातात द्यायच्या, पण चकार शब्द नाही.

"थांब जरा." सर एका भिंतीला हात टेकून उभे राहिले. पुलापासूनचा सगळा रस्ता उन्हातला होता. इथे एका गोदामाची सावली होती. थोरलीनं पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली.

"तुला एक सांगायचं राहिलं," सर म्हणाले. "ती बातमी आता नाहीये."

"खाली गेली?"

"खाली नाही. नाहीच. मी काढायला लावली." त्यांनी बाटलीचं झाकण हातात फिरवलं. "तुझी काकू शेवटची आजारी होती. एक दिवस माझ्याशी बोलली. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य. म्हणाली, मी जाते आता, पोरीसाठी तेवढं कराल का? त्या वर्तमानपत्राचा संपादक माझा जुना ओळखीचा. प्रेसनोट द्यायला जायचो तेव्हापासूनचा. फोन केला. त्यानं कारण विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत पान गेलं. मी हिला फोनवर दाखवलं. हिनं तीनतीनदा नाव टाकायला लावलं. 'खरंच गेलं?' म्हणाली. मग माझा हात धरला."

थोरलीला राग यायला हवा होता, पण डोळ्यांपुढे काकूंचा हातच येत होता.

"म्हणून कॉलेज सोडलंत?"

"दुसरा अर्धा तास शिकवायला तोंड राहिलं नाही. नुसता पहिला शिकवायचा, तर ते काय, कोणीही शिकवेल."

"परत नाही का येणार ते पान?"

"विचारलं. वर्तमानपत्रवाल्यांनी जुनी वेबसाइट काढून नवी केलीय. संपादक निवृत्त होऊन घरी बसलाय. कुठेही प्रत नाही. मी शोधलं, आणि शोधण्यात मी बरा आहे." ते पुन्हा चालू लागले. "चल. ज्यांचं ते होतं त्यांच्याकडे जायचंय."

मग वाटेत त्यांनी उरलेलं सांगितलं. अपघातानंतर ते वायंडिंगवाल्यांच्या दुकानी गेले होते. त्यांच्या बायकोनं दार लावून घेतलं. मुलगी बाहेर आली, पाण्याचा पेला दिला आणि काही न बोलता आत गेली. सर तरीही जात राहिले, दोनचार महिन्यांनी एकदा, हातात घरातला एखादा पंखा किंवा मिक्सर घेऊन. मुलीनं बापाची कला उचलली होती, दुकान चालवत होती. हळूहळू बोलायला लागली. मग कधीतरी 'काका' म्हणाली. आणि मागच्या खेपेला काकांना म्हणाली, "बाबांचं पान दिसेना हो. ते गेले त्या तारखेला मी उघडते ना दरवर्षी, या वेळी नाही आलं. तुम्हाला यातलं कळतं. शोधून द्याल?"

"मी बघतो म्हणालो," सर म्हणाले. "बघतो म्हणालो, थोरले. आणि पंखा घेऊन घरी आलो."

दुकान अरुंद गल्लीत, दोन पायऱ्या खाली होतं. आत वॉर्निशचा उग्र वास. भिंतीला उघडी पडलेली पंख्यांची पोटं, तांब्याच्या तारेची रिळं, एका खोक्यात पेटलेला दिवा आणि त्याच्या उबेला वाळत ठेवलेल्या मोटारी. मुलगी खाली बसून लाकडी साच्यावर तार गुंडाळत होती. थोरलीपेक्षा वयानं लहान, पण हात मोठ्या माणसाचे. तिनं वर पाहिलं, मानेनंच 'बसा' केलं आणि ओठ हलवत तार फिरवत राहिली. वेढे मोजत होती. मध्ये बोललं तर मोजणी चुकते आणि सगळं उलगडून पहिल्यापासून करावं लागतं. सरांना हे माहीत होतं. ते बसले नाहीत. जे सांगायला आले होते ते ओठांवर धरून तसेच उभे राहिले. थोरलीनं मनात देवाचं नाव घेतलं. ती मोजणी लवकर संपू दे असं मागावं की संपूच नये असं, हेच तिला कळेना.

मुलीनं तार तोडली, दोऱ्यानं बांधली. "बसा ना काका. ह्या कोण?"

"माझी विद्यार्थिनी. माझ्यापेक्षा हुशार."

"मग ह्या शोधतील बाबांचं पान?"

"ते सापडणार नाही, पोरी," सर म्हणाले. "ते मी काढायला लावलं."

तिला कळलं नाही. ती थोरलीकडे बघायला लागली, जणू थोरली समजावून सांगेल. थोरलीनं मान खाली घातली.

"माझी बायको आजारी होती. तिला आमच्या मुलाचं नाव तिथे नको होतं. मी फोन केला आणि त्यांनी काढलं."

मुलगी गुंडाळलेली तार हातात घेऊन तशीच बसली. बाहेरून कोणी हातगाडी ढकलत गेलं, तिची चाकं लांबवर वाजत राहिली.

"तुमच्या मुलाचं नाव नको होतं," ती म्हणाली, "तर तेवढं पुसायचं ना. बाबांचं कशाला पुसलंत?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिनं खरोखरच विचारलं होतं. इतक्या वर्षांच्या पोरांना बिऱ्हाडं मोजायला सरांनीच शिकवलं होतं.

"मला माहीत होतं ते तिथे आहेत," ते म्हणाले. "शेवटचा परिच्छेद मला पाठ आहे. तरी फोन करताना मला एकच नाव दिसलं."

"पाठ आहे?"

"म्हणू?"

तिनं मान हलवली. सरांनी वर्गात वाचायचे त्याच आवाजात म्हटलं, "'मृत कारागीर या गल्लीत अनेक वर्षे वायंडिंगचे काम करत होते. बंद पडलेली मोटार उघडण्याआधी ते तिला कान लावून ऐकत आणि काय बिघडले ते सांगत, असे शेजाऱ्यांनी सांगितले. त्यांच्या पश्चात पत्नी व कन्या असा परिवार आहे.'"

मुलीनं डोळे मिटून ऐकलं. ऐकून झाल्यावर पदराला हात पुसले, डोळ्यांना नाही.

"माझ्याकडे फोटो आहेत," ती म्हणाली. "आई सांगते, मी सांगते. पण आम्ही सांगितलं तर लोक म्हणतात घरचेच ते, चांगलंच सांगणार. ते परक्या माणसानं लिहिलेलं होतं. 'शेजाऱ्यांनी सांगितले' असं. ते एकच होतं."

थोरलीला वाटलं, आता ती 'निघा' म्हणेल, किंवा रडेल, किंवा सर पाया पडतील. यातलं काहीच झालं नाही. मुलीनं साच्यावर नवी तार चढवली.

"मी परत येऊ का?" सरांनी विचारलं.

तिनं पहिला वेढा घातला आणि ओठ हलवायला सुरुवात केली. मोजणाऱ्या माणसाशी बोलायचं नसतं. दोघं पायऱ्या चढून बाहेर आले.

गल्लीच्या टोकाशी सर उभे राहिले. पाय निघत नसावा. ऊन कलतीला लागलं होतं आणि परतीचा सगळा रस्ता पुढे पडला होता. थोरलीनं त्यांचा दंड धरला. आजवर कधी धरला नव्हता. खादीच्या बाहीच्या आत हात नुसता हाडांचा लागला.

"रिक्षा करू या, सर?"

"नको." मग थोड्या वेळानं, "थोरले, तुझ्याकडे एक मागायचंय. ऑफिसचं म्हणून नाही."

"मागा ना."

"त्यांचं पान लिही. आधी तिला विचार. नको म्हणाली तर नको, हट्ट करायचा नाही. हो म्हणाली तर दुकानात जाऊन बस. ती मोजत असेल तेव्हा गप्प बस. शेजाऱ्यांना विचार, कोणाचा पंखा त्यांनी कधी कसा ऐकला, ते त्यांच्या शब्दांत लिही."

"तुम्हीच लिहा सर. तुम्हाला तर पाठ आहे."

"मी लिहिलं तर प्रेसनोट होईल. जन्मभर तीच लिहिली. बाप उतरेल त्यात, आपल्या मुलाला पाठीशी घालत." त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "मथळ्यात त्यांचं नाव, दुसऱ्या कुणाचं नाही. गाडी कोण चालवत होतं ते आत, पूर्ण नावानं. तो पोहायचा, तेही लिही, तुझ्या काकूसाठी. आणि आधीचं पान कोणी काढलं, तेही लिही."

"आणि नात, सर? ती शोधेल तेव्हा?"

"तिच्यासाठीच सांगतोय. तिनं बापाचं नाव टाकलं की तिला तो माणूसही भेटला पाहिजे. दोघं एकाच पानावर राहतात, थोरले, आता काही इलाज नाही त्याला." ते तिच्याकडे बघत होते, पण पहिल्या दिवशी वर्गात बघितलं होतं तसे नाही. शिकवणाऱ्यासारखे नाही, मागणाऱ्यासारखे. "तुला येतं ते. मीच शिकवलंय. लोक कसं शोधतील ते आधी ऐक, आणि ते पान सगळ्यात वर आण. माझ्यासाठी एवढं कर."